नकली भट्टीची शेवटची पाळी

सव्वादोनला लाईट गेली.

या गावात लाईट जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. उलट दिवसभर राहिली तर लोक शेजारी जाऊन चौकशी करतात, काय झालंय म्हणून. पण हजार मेगावॅटच्या अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये बसलेलं असताना लाईट जावी, भिंतभर दिवे एकदम मालवावेत आणि मग मागच्या आवारात डिझेलच्या जनरेटरनं खाकरून, थुंकून, दोनदा आचके देऊन एकदाचं सुरू व्हावं, याची गंमत वेगळीच. बिघाड्या पोट धरून हसला. एकोणीस वर्षांत हा विनोद त्याला कधी शिळा झाला नव्हता.

"दात काय काढतोस?" ताई म्हणाली. ती कागदी बशांत बिस्किटं मांडत होती. "आजच्या दिवस तरी गप बस."

"अगं, सगळ्या मुलखाला वीज देणारी भट्टी, आणि ती चालते कशावर? डिझेलवर! आज नाही हसायचं तर मग कधी?"

खरं तर भट्टी नव्हतीच. खोली तेवढी होती. प्लँट उभा राहायच्या आधी तो चालवणारी माणसं तयार पाहिजेत आणि माणूस तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून सरकारनं सगळ्यात आधी ही ट्रेनिंगची इमारत बांधली. आत हुबेहूब कंट्रोल रूम. तीच टेबलं, तीच बटणं, तेच काटे, धोक्याचे चारशे दिवे. बटण दाबलं की काटा हलायचा, पण काट्याच्या पलीकडे कपाटाएवढा एक कॉम्प्युटर, बास. खरी भट्टी चाळीस किलोमीटरवर होणार होती. तिथे आजमितीला एक कुंपण होतं, एक खड्डा होता आणि तीन कोनशिला. तीन सरकारं आली, तिघांनी आपापली बसवली. तिसरीच्या वेळी जमीन सपाट लागेना, तर दुसरीच उचलून खाली टेकू म्हणून दिली.

आणि बिघाड्याची नोकरी होती बिघाड घालायची. ऑपरेटर मंडळी टेबलांवर बसायची, हा शेजारच्या केबिनमध्ये, एकाच बाजूनं दिसणाऱ्या काचेमागे. कधी पंप बंद पाड, कधी झडप अडकव, कधी भलत्याच वेळी पाईप फोड. पलीकडच्यांची त्रेधातिरपीट उडाली की हा माईकवरून गोड आवाजात विचारणार, "काय मंडळी, चहा घेणार का?" लहानपणी ज्या उद्योगांपायी आप्पांनी त्याला बडव बडव बडवलं, त्याच उद्योगांचा सरकार त्याला पगार देत होतं. बिघाड्या हे नाव पहिल्या बॅचनं पाडलं. आता घरातसुद्धा तेच चालतं.

एके काळी इथे चोवीस ऑपरेटर होते. उरले सहा. त्यात सगळ्यात पक्की ताईची मुलगी, छोटी. एकतीस वर्षांची झाली तरी छोटीच. नऊ वर्षं ती या खोलीत बसून नसलेली भट्टी चालवत होती. दर वर्षी परीक्षा द्यायची आणि नसलेली भट्टी चालवायचं लायसन नवं करून घ्यायची. महिन्यापूर्वी दोन ओळींचं पत्र आलं. प्रकल्प रद्द. केंद्र आजच्या तारखेला चार वाजता बंद. जाता जाता कुणाला तरी उमाळा आला असावा, खाली हातानं लिहिलेलं: शेवटच्या पाळीला घरच्यांना आणायला हरकत नाही. बाकीच्या पाचांनी हातात कागद पडताच दुसरीकडे धाव घेतली होती. त्यामुळे आज घरचे म्हणजे यांच्याच घरचे.

"पाया कुठवर आला रे?" कोपऱ्यातून आप्पांनी विचारलं.

आप्पांचं वय ब्याऐंशी. डोळ्यांना उजेड-अंधार तेवढा कळायचा. आज इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीत ताठ बसले होते. त्यांना कुणी पत्र वाचून दाखवलं नव्हतं. त्यांना सांगितलं होतं की खरा प्लँट तयार होत आला, आता ऑपरेटर लोक तिकडे जाणार, म्हणून हे केंद्र बंद. ताईनं, छोटीनं आणि बिघाड्यानं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तसं ठरवलं होतं.

"पाया कधीच झाला आप्पा. घुमट चढवतायत आता," बिघाड्या म्हणाला.

"घुमट चढवतायत," आप्पा म्हणाले आणि थांबले.

"बरोबर."

आप्पांनी मान हलवली.

हे असं बोलायची या घराला सवय होती. कंट्रोल रूमचा नियमच आहे तसा. हुकूम द्यायचा, ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणायचा, देणाऱ्यानं 'बरोबर' म्हणायचं, मग काम करायचं आणि केल्यावर सांगायचं, 'झालं.' चार पायऱ्या. एक गाळली तर नापास. छोटी परीक्षेची तयारी करत होती तेव्हा बिघाड्यानं गंमत म्हणून जेवताना हे सुरू केलं. मीठ दे. मीठ देते. बरोबर. दिलं, झालं. ताई आधी चिडली, मग तिलाही तेच वळण लागलं. पाहुणे आले की एकमेकांकडे बघत बसायचे. या घरात एखादा शब्द हवेत लटकत राहिला तर कुणाला घास गिळवत नसे.

"आला का तो?" आप्पांनी विचारलं.

"कोण?"

"दादा. मीच फोन केला काल. शेजारच्या पोराकडून नंबर लावून घेतला."

ताईच्या हातातली बशी कलंडली. दोन-चार बिस्किटं जमिनीवर.

दादा म्हणजे आप्पांच्या मोठ्या भावाचा मुलगा. आप्पा जमीनमोजणी खात्यात मोजणीदार होते. बावीस वर्षांपूर्वी भट्टीच्या जागेची मोजणी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी पहिली साखळी टाकली ती सख्ख्या भावाच्या शेतात. इतरांना सांगायचं तर सुरुवात घरापासून पाहिजे म्हणाले. भाऊ तयार नव्हता. आप्पा आठ दिवस त्याच्या ओसरीवर जाऊन बसले. तुझ्या शेतातून उजेड निघेल, मुलखातलं प्रत्येक घर तुझं नाव घेईल, असं काय काय बोलले, आणि मनापासून बोलले. भावानं सही केली. पुढे दोन वर्षांत भाड्याच्या खोलीत गेला. त्या दिवसापासून दादानं या घराची पायरी चढली नव्हती.

"काय सांगितलंत त्याला?" ताईचा आवाज चिरकला.

"काय सांगणार? भट्टी सुरू होतेय, ये म्हटलं. बापाच्या वतीनं बघ."

बिघाड्यानं छोटीकडे पाहिलं. छोटी टेबलाशी बसून काटे तपासत होती, शेवटच्या दिवशीसुद्धा, ओळीनं, डावीकडून उजवीकडे. तिनं वळून फक्त भुवया उंचावल्या. म्हणजे, मामा, हे तू निस्तर.

आणि तेवढ्यात दारात दादा.

साठीचा माणूस, अंगानं आडवा, हातात हेल्मेट. आता ट्रकच्या टायरचं दुकान होतं त्याचं आणि बोटांच्या पेरांत काळं मुरलेलं. बिघाड्या झपाझप पुढे झाला, त्याला दाराबाहेर पॅसेजमध्येच गाठलं. मागोमाग ताई. छोटीही उठून आली.

"ये दादा, ये. वाळलास रे," बिघाड्या म्हणाला.

"नव्वद किलो आहे मी."

"नाही, म्हणजे चेहऱ्यावर."

"तुझ्या फाजीलपणाला वयाचं काही नाही ना?" दादा म्हणाला. "काका म्हणाले, भट्टी सुरू होतेय. म्हटलं जाऊन बघूया तरी, मेलेली भट्टी उठून कशी बसते ती."

"हळू बोल!" ताईनं मागे पाहिलं. "आप्पांना माहीत नाही."

"अजून नाही? आठ महिने झाले की."

"महिना झाला, दादामामा," छोटी म्हणाली. "पत्र मागच्या महिन्यात आलं."

"पत्र आलं असेल. पण रद्द झालं ते आठ महिन्यांपूर्वीच. मी जमीन कचेरीत गेलो होतो, आमचं रान परत मिळतंय का विचारायला. तिथल्या साहेबानं फाईलच काढून दाखवली. यंत्रं देणारा तो परका देश अंग काढून गेला, खालच्या सह्याही झाल्या. फक्त बोलायचं कुणी, यावर घोडं अडलेलं. त्याच दिवशी मी तर..." दादा थांबला. त्यानं बिघाड्याकडे पाहिलं.

बिघाड्या हसत होता. म्हणजे तोंड हसत होतं. ते बंद कसं करायचं ते त्याला आठवत नव्हतं.

"तुम्ही त्याच दिवशी काय, दादामामा?" छोटीनं विचारलं.

"याला फोन केला होता," दादा म्हणाला. "वीस वर्षांनी पहिल्यांदा. म्हटलं, भांडण राहू दे बाजूला, तुमची पोटं त्यावर आहेत. हा म्हणाला, कुणाला बोलू नकोस, आप्पांना सोसायचं नाही."

पॅसेजमध्ये जनरेटरची धडधड तेवढी ऐकू येत होती.

"आप्पांसाठी केलं असेल गं त्यानं," ताई घाईघाईनं म्हणाली. धाकट्या भावाला पाठीशी घालायची तिची सवय जुनी, लहानपणी फुटलेल्या काचाही तीच आपल्या अंगावर घ्यायची. "त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा. हो ना रे?"

छोटी मनात महिने मोजत होती, आणि ती मोजतेय हे बिघाड्याला दिसत होतं. नऊ वर्षं काचेतून त्यानं तो चेहरा वाचला होता. सगळे दिवे हिरवे असताना एक काटा खोटं बोलतोय हे कळायच्या आधी तो असाच व्हायचा, कोरा.

"पाच महिन्यांपूर्वी मला परदेशातल्या प्लँटचं बोलावणं आलं होतं," ती म्हणाली. "चालू प्लँट. खरा. त्यांना लायसन चालू असलेला माणूस हवा होता."

ताईचा हात तोंडावर गेला.

"मी तुला विचारलं, मामा. याच पॅसेजमध्ये. जाऊ का? तू म्हणालास, वर्षभर कळ काढ, पाया भरतायत, पहिली पाळी तुझीच."

"छोटे, ऐक..."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"अगं मी तर म्हणत होते जाऊ दे तिला!" ताई एकदम उसळली. "आणि तू मला काय म्हणालास? ताई, पोरीचं वाटोळं करू नकोस! मला म्हणालास! तोंड वर करून!" तिच्या हातात अजून बिस्किटांची बशी होती. तिनं ती बिघाड्याच्या बाजूनं काढून दादाच्या बाजूला धरली. "घे रे दादा. उन्हातनं आलायस."

घरातली फळी बदलायला एवढं पुरलं. वीस वर्षं ज्याचं नाव काढायची चोरी, तो बिस्किट खात होता, आणि बिघाड्या भिंतीला टेकून उभा.

"आला का रे तो?" आतून आप्पांची हाक आली.

दादानं तोंड पुसलं, हेल्मेट ताईकडे दिलं आणि आत गेला. आता हा म्हाताऱ्याला सगळं ऐकवणार, बिघाड्याला वाटलं. बावीस वर्षांचं व्याजासकट. दादा खुर्चीपुढे वाकला.

"आलो काका."

आप्पांनी त्याचा चेहरा हातानं चाचपला. "तुझा बाप असता तर त्याला खुर्ची टाकून बसवला असता इथे. त्याला म्हणालो होतो ना मी, तुझ्या शेतातून उजेड निघेल. निघतोय बघ."

दादानं बिघाड्याकडे पाहिलं, मग छोटीकडे.

"निघतोय काका," तो म्हणाला.

बिघाड्याला तेव्हा वाटलं, यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तीनला तो केबिनमध्ये गेला. छोटी मागोमाग आली आणि तिनं दार लावून घेतलं. काचेपलीकडे दादा आप्पांना टेबलं दाखवत होता, म्हणजे त्यांचा हात धरून एकेका बटणावर ठेवत होता.

"का?" छोटी म्हणाली.

"आप्पांना..."

"आप्पांचं सांगू नकोस. आप्पांना काहीही सांगून मी गेले असते."

बिघाड्यानं टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं. "पाळीला सहा माणसं लागतात. तू गेलीस की पाच. पाच झाले की दुसऱ्या दिवशी टाळं."

"म्हणजे केंद्रासाठी?"

"मला वाटलं, होईल काहीतरी. सरकार बदलेल. दुसरा कुठला देश येईल. ती नवी लहान भट्टी निघालीय ना, ट्रकवर आणून ठेवायची, तिचे लोक येऊन गेले होते, चित्रांची पुस्तकं वाटून..."

"मामा, तीही अजून चित्रातच आहे." छोटी हसली, आणि ते हसू बघवेना. "मला शिकवतोस? मी तर रोज हेच वाचत बसले. अशा भट्टीला पंधरा वर्षं लागतात. आपल्याकडे पाच वर्षांत तीनदा मंत्री बदलतो. आपलं विजेचं जाळं एवढंसं, हजार मेगावॅटची भट्टी जोडली आणि ती एकदा बंद पडली की अर्धा देश काळोखात. म्हणजे आधी जाळं वाढवा. तेही नाही. तेवढ्यात छपराछपरांवर सोलरची पॅनेलं आली. ती दिवसा चालतात, रात्री लोक बसतात अंधारात, पण कोनशिला तरी बसवावी लागत नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी थांबले. का माहितीय? आपल्यासारख्याच गरीब देशांत कुठे कुठे उभी राहिलीय ना, मग आपल्याकडे का नाही, म्हणून. आणि तू म्हणालास, पाया भरतायत. माझ्या माणसानं डोळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर..."

तिनं काचेकडे तोंड केलं.

"तू मला अडकलेला काटा शिकवलास," ती म्हणाली. "आठवतं? पहिल्या वर्षी. पाणी कमी होत होतं आणि काटा बरोबर जागेवर. मी दीड तास त्याच्यावर विश्वास ठेवला आणि भट्टी वितळवली. बाहेर येऊन तू म्हणालास, बंद पडलेला पंप परवडला, छोटे. तो निदान कळतो."

बिघाड्याला आठवत होतं. त्या दिवशी त्यानं तिला डोळे पुसायला स्वतःचा रुमाल दिला होता आणि त्या रुमालात आधीच तिखट लावून ठेवलं होतं. काय हसले होते सगळे.

"माझ्यासाठी केलं," तो म्हणाला.

"काय?"

"केंद्रासाठी नाही. आप्पांसाठी पण नाही. तू गेली असतीस तर मी इथे कुणाला बिघाड घालणार होतो? घरी जाऊन कुणाशी बोलणार होतो? मला दुसरं काय येतं, छोटे? बावन्न वर्षांचा झालो. मला फक्त खोटं-खोटं मोडता येतं."

तिनं दाराच्या कडीवर हात ठेवला. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "साडेतीनला सुरू करू," आणि गेली.

साडेतीनला भट्टी पूर्ण जोरात होती. काटे शंभरवर. शेवटच्या पाळीचं काम एकच, ती नीट बंद करायची. सहा माणसांचं काम छोटी एकटी करणार होती. आप्पांना तिनं शेजारी बसवून घेतलं होतं.

"बंद करायला तयार," ती म्हणाली.

"बंद?" आप्पा सावरून बसले. "बंद कशाला? सुरू करायची ना आज?"

ताई काचेजवळ येऊन उभी राहिली होती, तिनं ओढणी तोंडात धरली. दादानं खाली पाहिलं.

"छोटे? काय म्हणतोय मी?"

छोटी वळली आणि थेट काचेकडे बघत राहिली. तिच्या बाजूनं त्या काचेत फक्त तिचा चेहरा तिला दिसत असणार. तरी नजर बिघाड्याच्या बरोबर डोळ्यांत.

"मामा सांगेल," ती म्हणाली. "मामा, सांग."

माईकचं बटण त्याच्या अंगठ्याखाली होतं. एकोणीस वर्षं या बटणावरून त्यानं आग लागल्याचं सांगितलं होतं, भूकंप सांगितला होता, एकदा तर पगार दुप्पट झाल्याचं सांगितलं होतं. एखादी गंमत सुचेल म्हणून तो थांबला. नाही सुचली.

"आप्पा," त्याचा आवाज स्पीकरमधून आला, "भट्टी नाही. झालीच नाही. घुमट नाही, पाया नाही. प्रकल्प रद्द झाला. तिथे खड्डा आहे आणि तीन दगड."

आप्पांचे ओठ हलले. सवय ती सवय.

"भट्टी नाही," ते म्हणाले. "पाया नाही. रद्द झाला. खड्डा आहे आणि तीन दगड."

आणि थांबले. मान किंचित वर करून, स्पीकर होता त्या दिशेला कान लावून. तिसरी पायरी बिघाड्याची होती. म्हातारा वाट बघत होता, की अजूनही तो नाही म्हणेल.

"बरोबर," बिघाड्या म्हणाला.

आप्पांचे हात मांडीवर होते. उजव्या हाताची बोटं जरा वेळ हलत राहिली, अंतर मोजल्यासारखी, वीत वीत.

"माझी मोजणी चुकली नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती काका," दादा म्हणाला. तो त्यांच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवरच बसला. "वीतभरसुद्धा नाही. बाबा म्हणायचे."

बाबा असलं काही म्हणायचे नाहीत, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

छोटीनं टेबलाकडे तोंड फिरवलं. "सळ्या खाली," ती म्हणाली. तिच्या हुकमाला उत्तर देणारं कुणी नव्हतं, म्हणून तीच म्हणाली, "सळ्या खाली. बरोबर." मोठं लाल बटण दाबलं, भट्टी विझवणाऱ्या सळ्या कॉम्प्युटरमध्ये खाली उतरल्या. काटे घसरत घसरत शून्याला आले. चारशेतले साठेक दिवे लागले, भोंगा वाजला, तिनं तो बंद केला. "झालं."

"संपलं?" ताईनं विचारलं.

"नाही. भट्टी विझली तरी आत धग असते. पंप चालू ठेवून ती उतरवत न्यावी लागते. आज, उद्या, कित्येक दिवस." छोटी एका काट्यावर नजर ठेवून होती. "गरम टाकून उठायचं नसतं."

ती उठली नाही. पावणेचार झाले. आप्पा बसून, दादा खाली बसून, ताई उभी. चार जण आणि काचेमागे एक, कॉम्प्युटरमधली धग उतरायची वाट बघत. त्या धगीचा एक अंशही कुणाला भाजणार नव्हता.

चारला इलेक्ट्रिशियन दारात आला. "साहेब, जनरेटर बंद करतोय. उरलेलं डिझेल परत न्यायचंय."

"अर्धा तास थांब," बिघाड्या केबिनमधून धावत बाहेर आला. "अर्धाच. तिचं काम राहिलंय."

"कसलं काम?" इलेक्ट्रिशियन म्हणाला, अगदी साधेपणानं. "भट्टी नाहीये ना?"

तो गेला. जनरेटरनं दोन आचके दिले आणि गप झाला. पंपांचे काटे पडले, मग सगळे चारशे दिवे एकदम लाल झाले, मग तेही गेले. खिडकी नसलेली खोली. दारातून पॅसेजमधला उजेड आत येत होता तेवढाच.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही काका. चला, छोटीच्या गाडीत बसवतो," दादा म्हणाला आणि त्यांना काखेत धरून उठवलं. ताईनं दुसरी बाजू धरली. जाताना तिनं भावाकडे पाहिलं नाही. हेल्मेट मात्र आठवणीनं घेतलं.

छोटी शेवटी निघाली. खुर्ची टेबलाखाली सरकवली, पर्स खांद्याला लावली. बिघाड्या दाराशी उभा होता.

"सोमवारपासून काय?" त्यानं विचारलं.

"सोलरवाल्यांकडे. पॅनेलं पुसणाऱ्या बायकांवर मुकादम."

"आणि लायसन?"

"आज संपलं की."

तिनं पुढे पाऊल टाकलं आणि त्यानं ते म्हटलं. दुसरं काही त्याला येतच नव्हतं, म्हणून त्यानं ते हुकमासारखं म्हटलं, एक एक शब्द सुटा करून.

"मामाला माफ कर."

छोटी थांबली. त्याच्याकडे बघितलं. नऊ वर्षांची सवय, ती तरी काय करणार.

"मामाला माफ करायचं," ती म्हणाली.

"बरोबर," तो म्हणाला.

मग ती गेली. पॅसेजमधून तिची पावलं ऐकू आली, बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन. गाडी फाटकातून वळली. बिघाड्या केबिनमध्ये परत आला. पाळीचं रजिस्टर उघडं होतं. इन्स्ट्रक्टरनं प्रत्येक हुकमाची वेळ लिहायची असते, चार रकान्यांत, आणि एकही रकाना रिकामा असेपर्यंत रजिस्टर मिटायचं नाही, असा नियम. त्यानं मोबाईलच्या उजेडात शेवटची ओळ लिहिली. हुकूम, चार वाजून सात. परत म्हटला, चार वाजून सात. बरोबर, चार वाजून सात.

मग पेन हातात धरून तो बसून राहिला. रजिस्टर उघडंच होतं.